‘वेस्ट साइड स्टोरी’तील ‘अमेरिका’ : तळटीप

7. लेखकाने ‘अमेरिका’ या गाण्याबद्दल येथे जे म्हटले आहे, ते 1961च्या चित्रपटाला लागू पडते. 1957च्या ब्रॉडवेवरील मूळ प्रयोगाला नाही. रंगभूमीवर हे गाणे फक्त मुलींचे होते. रोझालियाला पोर्तो रिकोची ओढ, आणि अनिता तिची टर उडवणार. बेटावरची गर्दी, दारिद्र्य, रोगराई यांवरच ती थट्टा पोसलेली. रोगराईच्या उल्लेखाला डॉ. हॉवर्ड रस्क यांनी त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हरकत घेतली, आणि ती अगदी रास्त होती. चित्रपटासाठी स्टीफन साँडहाइम यांनी बरेच शब्द बदलले. गच्चीवर मुलगे आणि मुली समोरासमोर उभे राहतात. अनिता नव्या देशातल्या सुखसोयी मोजते, तर बर्नार्डो आणि त्याचे सोबती रंगावरून मिळणारी वागणूक, घर मिळण्यातल्या अडचणी, वाट्याला येणारी हलकी कामे पुढे मांडतात. विषमतेला गाण्यात खरे तोंड फुटले ते इथे. पोर्तो रिकोच्या लोकांना 1917च्या जोन्स कायद्यानेच अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते, हे लक्षात घेतले की बर्नार्डोचा संताप अधिक बोचतो : आपल्याच देशात तो परका ठरतो आहे. चाल मात्र पोर्तो रिकोची नाही. लिओनार्ड बर्नस्टीन यांनी मेक्सिकोच्या ‘हुआपांगो’ नृत्याची लय घेतली आहे. बर्नस्टीन, साँडहाइम, संहितालेखक आर्थर लॉरेंट्स आणि दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स या चौघांपैकी कोणीही पोर्तो रिकोचे नव्हते.