कातलेल्या सुताची वही

पदव्युत्तर वर्गाला 'रोजनिशी' हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही बरीच वर्षे एक ठरावीक मांडणी करत आलो. रोजनिशी म्हणजे आत्मसंवाद, तिच्यात मनाची आंदोलने उमटतात, ती आत्मचरित्राची कच्ची सामग्री होय, इत्यादी. 'रोजनिशी' हा शब्द मराठीत मुळात दफ्तरातून आला, पेशवाईच्या रोजकीर्दी म्हणजे जमाखर्चाच्या आणि हुकुमांच्या दैनंदिन नोंदी होत्या, हे आम्ही ओझरते सांगत असू आणि लगेच पुढे सरकत असू. हिशेब म्हणजे वाङ्मय नव्हे, हे आमचे गृहीतच होते.

या गृहीताला धक्का बसला तो गांधीजींच्या येरवड्यातील रोजनिशीमुळे. त्यांच्या संकलित वाङ्मयाच्या खंडांत या गुजराती रोजनिशीचे भाग आहेत. १९३२ साली गांधीजींसोबत वल्लभभाई पटेल आणि महादेव देसाई हेही येरवड्यात होते. महादेवभाईंची त्या काळातील डायरी म्हणजे संभाषणे, वाचन, थट्टामस्करी आणि पत्रव्यवहार यांनी भरलेला विस्तीर्ण ग्रंथ. गांधीजींची स्वतःची नोंद मात्र बहुधा दोन-चार ओळींची : कोणाला पत्रे लिहिली, काय वाचले आणि किती तार काढले. वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, ही रोजनिशी आहे की हजेरीपट?'' तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम 'तार' म्हणजे काय ते पाहू. कातलेले सूत चातीवरून उतरवून चार फूट घेराच्या फाळक्यावर गुंडाळतात. फाळक्याचा एक फेरा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. ही गुंडी सुमारे ८५३ यार्डांची होते, म्हणजे गिरणीच्या ८४० यार्डांच्या लडीच्या अगदी जवळची. सुताचा नंबरही या लडीवरूनच ठरतो. एका पौंडात जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. तेव्हा कातणाऱ्याने लांबी आणि वजन या दोन गोष्टी टिपल्या की सूत जाडे की बारीक हे आपोआप कळते. आणि हाच आकडा महिनोन्‌महिने टिपत गेले की हात किती बसला तेही कळते. पेळू नीट पिंजलेल्या कापसाचा नसला तर तार तुटतात आणि आकडा घसरतो. माळ सैल झाली, चाती वाकली, बोट दुखले, मन दुसरीकडे होते, हे सर्व त्या एका आकड्यात जमा होते. फक्त ते वाचण्यासाठी वाचकाला कातण्याची थोडीफार माहिती हवी. छंदाची माहिती नसलेल्याला वृत्तदोष दिसत नाही, तसेच हे आहे.

ही वैयक्तिक नोंद सार्वजनिक कशी झाली, याचा इतिहास नाट्यमय आहे. फेब्रुवारी १९२४ मध्ये गांधीजी तुरुंगातून सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला काँग्रेस महासमितीची बैठक भरली. काँग्रेसच्या निर्वाचित पदाधिकाऱ्यांनी रोज किमान अर्धा तास कातावे आणि दरमहा २,००० यार्ड सूत पाठवावे, न पाठविणाऱ्याचे पद रिक्त समजावे, असा ठराव तेथे आला. दंडाच्या या कलमावरून स्वराज्य पक्षाचे सभासद उठून गेले आणि अखेर ते कलम वगळावे लागले. २,००० यार्ड म्हणजे १,५०० तार, दिवसाकाठी ५० तार. ही काही मोठी मागणी नव्हे; हात बसलेल्या माणसाला अर्धा तास पुरे. आक्षेप श्रमाला नव्हता. वकिली, विधिमंडळ आणि व्याख्यान यांत मुरलेल्या माणसाची देशभक्ती फाळक्यावर मोजली जावी, हे अनेकांना मानवणारे नव्हते. टिळकांच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रातील नेतृत्वाला तर ते विशेष जाचले. न. चिं. केळकर आणि त्यांचे सहकारी चरख्याकडे कोणत्या नजरेने पाहत, हे त्या काळची मराठी पत्रे चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. तेथे काँग्रेसच्या सभासदत्वासाठीच दरमहा २,००० यार्ड सूत ही अट स्वीकारली गेली. पण तडजोड म्हणून एक फट ठेवण्यात आली : आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारणाने स्वतः कातता आले नाही, तर दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत द्यावे. 'अनिच्छा' हा शब्द नियमात आला आणि वहीचा अर्थ बदलला. सूत बाजारातून विकत आणून वर्गणी भरणे आता नियमात बसत होते. वहीत यार्ड जमा होत, पण ते कोणाच्या हातचे हे वहीला सांगता येत नसे. वर्षभरातच ही व्यवस्था गुंडाळावी लागली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला महासमितीने सभासदत्वासाठी चार आणे किंवा वर्षाला २,००० यार्ड स्वतः कातलेले सूत असा पर्याय ठेवला, आणि कातण्याचे काम स्वतंत्र अखिल भारत चरखा संघाकडे गेले. या संघाच्या 'अ' वर्गाच्या सभासदाने दरमहा १,००० यार्ड द्यायचे, 'ब' वर्गाच्या सभासदाने वर्षाला २,०००. आणि सूत चांगला पीळ असलेले, एकसारखे आणि स्वतः कातलेलेच हवे.

या काळातील दुसरी वही आश्रमातली. साबरमतीला सायंप्रार्थनेनंतर नावे पुकारली जात आणि प्रत्येक जण त्या दिवशी काढलेल्या तारांचा आकडा सांगे. तो लिहून घेतला जाई. आश्रमाच्या यज्ञकार्याचे प्रमाण १६० तारांचे, म्हणजे एका लटीचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील 'यज्ञ' या संकल्पनेला दिलेला हा अगदी मोजता येण्याजोगा अर्थ. मगनलाल गांधी या साऱ्याचे तंत्रज्ञ. येणाऱ्या सुताचा नंबर, मजबुती आणि सारखेपणा ते तपासत. प्रांताप्रांतांतून आलेल्या सुताचे तक्ते 'यंग इंडिया'त छापले जात. एप्रिल १९२८ मध्ये पाटण्याला मगनलाल वारले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा पायाने चालणारा मगन चरखा पुढे गांधीजींनीच येरवड्यात वापरला. १९३२ साली त्यांचे कोपर दुखू लागले, तेव्हा आधी त्यांनी हात बदलून पाहिले आणि मग या चरख्याचा आश्रय घेतला. विद्यार्थिनीला हजेरीपटासारखे वाटलेले ते आकडे हे दुखणे ध्यानी घेऊन पुन्हा वाचावेत. हात बदलला की नवशिक्याप्रमाणे पुन्हा थोड्या तारांपासून आरंभ करावा लागतो. साठी ओलांडलेला माणूस रोज तो आकडा टिपतो, तोही स्वतःच्याच वहीत, तेव्हा त्या ओळीत आत्मसंवाद नाही असे म्हणणे आता आम्हांस जड जाते.

तथापि या वहीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप एका कवीचा आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. सप्टेंबर १९२५ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये रवींद्रनाथ ठाकूरांनी चरख्याच्या पंथावर लेख लिहिला. सर्वांनी एकच कृती एकाच रीतीने करीत राहावे, ही कल्पनाच त्यांना मनाला जड करणारी वाटली. माणसाच्या विविधतेला आणि निर्मितीला त्यात स्थान कुठे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. गांधीजींनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'यंग इंडिया'तून उत्तर दिले. सर्वांनी सर्व काम सोडून कातावे असे आपले म्हणणे नाही. दिवसातील थोडा वेळ सर्वांनी समान श्रमाला द्यावा, इतकेच, असा त्या उत्तराचा आशय.

या वादात बाजू घेण्याची घाई आमच्या पिढीने करू नये असे वाटते, कारण रवींद्रनाथांनी ओळखलेला धोका आम्ही रोज अनुभवतो. आम्ही प्राध्यापक मंडळी दररोज अध्यापनाची दैनंदिनी भरतो : कोणता तास, कोणता घटक, किती विद्यार्थी. २०१० नंतर पदोन्नतीसाठी गुणांकांचे तक्ते भरून देण्याची रीत आली आणि निबंध लिहिण्याआधी त्याला गुण किती पडतील हे पाहण्याची सवय आम्हांलाही लागली. एका वर्षी तपासणीच्या आदल्या रात्री बसून आम्ही तीन महिन्यांची दैनंदिनी एका बैठकीत पुरी केली. शाई एकच दिसू नये म्हणून दोन पेने वापरली. बेळगावच्या ठरावातली फट आम्हांस इतकी स्पष्ट का दिसली, याचे कारण हेच असावे. विकत आणलेले सूत आम्हीही भरले आहे.

मग तपासनिसासाठी भरलेली वही आणि कातणाऱ्याची वही यांत भेद कोणता? विनोबांच्या प्रयोगात आम्हांस त्याचे एक उत्तर सापडते. १९३५ साली वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी रोज आठ-नऊ तास कातून चरखा संघाच्या प्रचलित दराने आपली मजुरी किती पडते हे पाहिले. डाव्या हाताने, उजव्या हाताने, वेगवेगळ्या बैठकींत कातून त्यांनी वेगाचा हिशेब ठेवला. निष्कर्ष असा की दिवसभर राबूनही पोटापुरते मिळत नाही. येथे दोन वह्या प्रथमच एकमेकींसमोर आल्या. एक यज्ञार्थ कातणाऱ्याची, जीत नाव, तार आणि पुण्य. दुसरी खादी भांडारातली, जीत खेड्यातील बाईने आणलेल्या सुताचे वजन आणि तिला दिलेले पैसे. पहिल्या वहीतील माणसांची चरित्रे लिहिली गेली. दुसऱ्या वहीतील बाया वजनाच्या रकान्यात राहिल्या. विनोबांनी पहिल्या वहीतला माणूस दुसऱ्या वहीच्या दराने जोखला. त्याच वर्षी चरखा संघाने कातणारणींना निर्वाहाइतकी किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. खादी त्यामुळे महागली, विक्रीची चिंता वाढली, तरी ते धोरण घेतले गेले. नोंद ठेवणाऱ्यालाच ती बदलायला लावते का, ही खऱ्या नोंदीची कसोटी मानता येईल.

काही सूत आकड्यांतून बाहेर पडून वस्तू झाले. मराठीत गांधीजींचे पहिले चरित्र १९१८ साली लिहिणाऱ्या अवंतिकाबाई गोखले या त्यांच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताची धोतरे देत असत. चरित्रलेखिकेने चरित्रनायकाला दिलेली ही दरवर्षीची आवृत्तीच म्हणायची. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी १९४२ साली इंदिराजींनी लग्नात नेसली. १९४७ मध्ये गांधीजींनी आपण कातलेल्या सुताचा विणलेला रुमालवजा तुकडा राजकन्या एलिझाबेथ हिला लग्नाची भेट म्हणून पाठविला. या भेटीबद्दल बरेच लिहिले गेले आहे. ते सूत सुयांवर घेऊन विणणाऱ्या पंजाबी मुलीबद्दल मात्र फारसे नाही. तिच्या टाक्यांची वही कोणी ठेवली नाही.

गांधीजींच्या निधनानंतर विनोबांनी सुचविले की १२ फेब्रुवारीच्या श्राद्धदिनी प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी. वर्षातून एकच. त्या सूतांजलीला त्यांनी सर्वोदयासाठी दिलेले मत मानले. दरमहा २,००० यार्डांची सक्ती, मग चार आण्यांचा पर्याय, आणि शेवटी कोणी न मागता दिलेले ६४० तार : मोजमाप कमी होत गेले आणि मोजणाऱ्याचा विश्वास वाढत गेला, असा या पाव शतकाचा आलेख आम्हांस दिसतो.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही सांगू की होय, तो हजेरीपटच आहे. पण पुकारणारा आणि 'हजर' म्हणणारा एकच आहे. रोजनिशी या प्रकाराची याहून नेमकी व्याख्या आम्हांला अद्याप सुचलेली नाही. पुढच्या सत्रात पेशव्यांच्या रोजकीर्दीवर एक तास जास्त घेणार आहोत. दैनंदिनीही आता त्या त्या दिवशीच लिहितो. ज्या दिवशी तास चांगला झाला नाही, त्या दिवशी तसे लिहितो. तपासनीस ते वाचत नाहीत, हे आमच्या लक्षात आले आहे.