एकाच वेळी ४० कॉम्प्युटरवर विंडोज टाकायचं, मग अपडेट्सचं काय? 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' नेमकं कसं चालतं?

समजा, शाळेच्या लॅबमध्ये ४० कॉम्प्युटर आहेत आणि सुट्टी संपायच्या आत सगळ्यांवर नव्याने विंडोज टाकायचं आहे. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग किती, युजरचं नाव काय... प्रत्येक मशीनसमोर बसून या प्रश्नांची उत्तरं द्यायची म्हटलं तर दोन-तीन दिवस सहज जातील.

यावर जुना उपाय आहे 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन', म्हणजे कोणीही समोर न बसता होणारं इन्स्टॉलेशन. पण अनेकदा इन्स्टॉलेशन आपोआप होतं आणि अपडेट्स मात्र 'नंतर बघू' म्हणून राहून जातात. खरा धोका तिथेच असतो.

अनअटेंडेड इन्स्टॉलेशन म्हणजे काय?

इन्स्टॉलेशनच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली तर सेटअप ती वाचून स्वतःच पुढे जातो. या फाइलला 'आन्सर फाइल' म्हणतात.

विंडोजमध्ये ही फाइल 'ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल' या नावाने पेन ड्राइव्हवर ठेवली की सेटअप ती आपोआप शोधतो. लिनक्समध्ये याच कामासाठी रेड हॅट आणि फेडोरा 'किकस्टार्ट' वापरतात, डेबियन 'प्रीसीड' वापरतं, तर उबुंटूमध्ये 'ऑटोइन्स्टॉल' आहे. मोठ्या ऑफिसांमध्ये पेन ड्राइव्हही लागत नाही. मशीन थेट नेटवर्कवरून सुरू होतं आणि सगळं सर्व्हरवरून उतरवून घेतं.

अपडेट्सची इतकी घाई कशासाठी?

इन्स्टॉलेशनची फाइल ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवसापर्यंतचेच सुरक्षा-उपाय तिच्यात असतात. वर्षभरापूर्वीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं, तर 'नवं कोरं' दिसणारं मशीन सुरक्षेच्या बाबतीत वर्षभर मागे असतं.

याचा फटका जगाने २००३ मध्ये अनुभवला. विंडोजमधल्या एका त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला दिला होता. ११ ऑगस्टला त्याच त्रुटीचा फायदा घेणारा 'ब्लास्टर' नावाचा वर्म पसरला. तो पसरायला ना ईमेल उघडावा लागत होता, ना कुठे क्लिक करावं लागत होतं. मशीन इंटरनेटला जोडलेलं असलं तरी पुरे. स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी गिनती यायची आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

पेच असा होता की उपाय डाउनलोड करायला इंटरनेट लागायचं आणि इंटरनेट जोडलं की वर्म आत शिरायचा. सुरक्षा क्षेत्रातल्या सॅन्स या संस्थेच्या २००४ मधल्या निरीक्षणानुसार, अपडेट नसलेलं विंडोज मशीन इंटरनेटवर सरासरी सुमारे २० मिनिटंच तग धरत होतं. अपडेट्स उतरायला त्याहून जास्त वेळ लागायचा.

आज परिस्थिती बदलली आहे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू असते. पण धोका संपलेला नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर जगभर पसरलं. त्यावरचा उपाय मार्चमध्येच आला होता, पण असंख्य मशीनवर तो टाकलाच गेला नव्हता. एकाच नेटवर्कवरचं एक मागे पडलेलं मशीन बाकीच्यांनाही महागात पडू शकतं, हे तेव्हा दिसलं.

अपडेट्स आपोआप टाकण्याचे तीन मार्ग

१. आधीच मिसळणं: इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्येच अपडेट्स घालून ठेवायचे. याला 'स्लिपस्ट्रीमिंग' म्हणतात. आजच्या विंडोजमध्ये हे काम 'डिस्म' या टूलने होतं. फायदा असा की मशीन पहिल्यांदा नेटवर्कला जोडलं जातं, तेव्हाच ते सुरक्षित असतं आणि ४० मशीननी तेच अपडेट ४० वेळा डाउनलोड करायची गरज उरत नाही. तोटा म्हणजे ही फाइल शिळी होते. मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे ती वेळोवेळी ताजी करावी लागते.

२. इन्स्टॉलेशन सुरू असताना: उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये 'अपडेट्स' नावाची एक ओळ असते. तिथे फक्त सुरक्षा अपडेट्स हवेत की सगळेच, हे ठरवता येतं. डेबियनच्या प्रीसीडमध्येही पॅकेजेस अपग्रेड करायची की नाहीत, हे आधीच लिहून ठेवता येतं. यासाठी इंटरनेट किंवा ऑफिसमधला अपडेट सर्व्हर लागतो.

३. इन्स्टॉलेशन संपताच: विंडोजच्या आन्सर फाइलमध्ये पहिल्या लॉगिनला चालवायच्या कमांड्स देता येतात. किकस्टार्टमध्ये शेवटच्या टप्प्यासाठी स्वतंत्र भाग असतो, तिथे अपडेटची कमांड लिहितात. यात सगळ्यात ताजे अपडेट्स मिळतात, पण ते पूर्ण होईपर्यंत मशीन उघडं राहतं.

तिसऱ्या मार्गात रीबूटचीही अडचण येते. काही अपडेट्स मशीन पुन्हा सुरू झाल्याशिवाय पूर्ण होत नाहीत आणि ते झाल्यावरच पुढचे दिसतात. त्यामुळे 'तपास, टाक, रीबूट कर, पुन्हा तपास' हे चक्र एकही अपडेट उरत नाही तोपर्यंत चालेल, अशी स्क्रिप्ट लिहावी लागते. एकदाच चालणारी स्क्रिप्ट अर्धवट काम करून थांबते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून जाणकार पहिला आणि तिसरा मार्ग एकत्र वापरतात. मोठे अपडेट्स आधीच मिसळायचे आणि उरलेले शेवटी टाकायचे.

मिसळलेले अपडेट्सच अडचण ठरले तर?

असंही घडलं आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडीवरून टाकताना त्यात ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर २०२४ चे सुरक्षा अपडेट्स मिसळलेले असतील, तर मशीन पुढचे सुरक्षा अपडेट्स घेणंच थांबवू शकतं, असं मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. डिसेंबरचे किंवा त्यानंतरचे अपडेट्स असलेला नवा ड्राइव्ह वापरा, असं कंपनीने सांगितलं. जे अपडेट्स विंडोज अपडेटमधून आले होते, त्यांना ही अडचण नव्हती.

म्हणजे 'आपोआप' झालं म्हणून तपासणी टळत नाही. आधी एका मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर सगळं चालवून पाहायचं, पुढच्या महिन्याचं अपडेट नीट येतंय का बघायचं आणि मगच बाकीच्या मशीनना हात लावायचा.

काय काळजी घ्याल?

- आन्सर फाइलमध्ये डिस्क पुसण्याची सूचना असेल तर सेटअप पुन्हा विचारत नाही. असा पेन ड्राइव्ह चुकून दुसऱ्या मशीनला लावून सुरू केला तर सगळा डेटा जाऊ शकतो. त्यावर ठळक लेबल लावा.
- या फाइलमधला पासवर्ड अगम्य अक्षरांत दिसला तरी तो सहज उलगडता येतो. तात्पुरता पासवर्ड ठेवा आणि काम झाल्यावर बदला.
- 'सगळे अपडेट्स घातलेलं' म्हणून कुठूनही मिळालेलं विंडोज वापरू नका. त्यात आणखी काय मिसळलंय हे कळायला मार्ग नसतो.

घरच्या युजरने काय करायचं?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे अनेक जण नव्याने इन्स्टॉलेशन करत आहेत. एका लॅपटॉपसाठी आन्सर फाइलची गरज नाही. ड्रॉवरमधला जुना पेन ड्राइव्ह न वापरता मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून नवा तयार करा. विंडोज टाकून झाल्यावर ब्राउझर उघडण्याआधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जा. रीबूट झाल्यावर पुन्हा तपासा आणि एकही अपडेट बाकी नाही असं दिसलं की मगच बँकेचं किंवा ऑफिसचं लॉगिन करा.