वाघीण (रेल्वेची लघुप्रतिकृती)

किटमधले सुटे भाग जोडून, रंगवून व त्यावर बारकावे चढवून केलेली रेल्वेच्या मालडब्याची लहान प्रतिकृती. ‘वाघीण’ हे ‘वॅगन’चे मराठी जिभेवर घडलेले रूप. मराठीत रेल्वेवर जे थोडेफार लिहिले गेले त्याचा भर इंजिनांवर आणि प्रवासी गाड्यांवर राहिला. म्हणून या नोंदीत इंजिने व प्रवासी डबे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत.

मापे : प्रतिकृतीचे प्रमाण आणि तिच्या रुळांमधले अंतर (गेज) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. जगात सर्वांत रुळलेले प्रमाण ‘एचओ’ म्हणजे १:८७, आणि त्याचे गेज १६.५ मिमी. १६.५ ला ८७ ने गुणले की १,४३५ मिमी येतात. ते युरोप-अमेरिकेतले प्रमाणित गेज झाले. भारतातले ब्रॉडगेज १,६७६ मिमी आहे, आणि १:८७ मध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवे. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांवर भारतीय वाघीण ठेवली की चाके प्रत्येक बाजूने सुमारे १.४ मिमी आत जातात. बाजूने पाहताना हे जाणवत नाही. समोरून पाहिले की वर रुंद डबा आणि खाली आखडलेले पाय दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे १९.३ मिमीचे रूळ आणि चाकजोड्या हाताने करणे, जे फार थोड्यांना जमते. दुसरा उपाय गणिताचा आहे. वाघीण १:१०० प्रमाणात केली तर १,६७६ मिमीचे १६.७६ मिमी होतात आणि ती तयार रुळांवर जवळजवळ बिनचूक बसते. मात्र १:८७ च्या तयार इंजिनामागे ती लहान दिसते. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे, येथे त्याचा निवाडा केलेला नाही.

बॉक्स-एन वाघीण : १९८० च्या दशकापासून कोळसा व खनिज वाहणारी ही उघडी, उंच भिंतींची, आठ चाकांची वाघीण भारतीय मालवाहतुकीत सर्वांच्या ओळखीची आहे. नावातला ‘बी’ बोगीसाठी (डब्याखालचा फिरता चाकसंच), ‘ओ’ उघड्या डब्यासाठी आणि शेवटचा ‘एन’ हवेच्या ब्रेकसाठी. कपलरसह तिची लांबी १०,७१३ मिमी, रुंदी ३,२०० मिमी, रुळापासून उंची ३,२२५ मिमी, रिकामे वजन सुमारे २२.५ टन. १:८७ मध्ये हीच वाघीण १२३ मिमी लांब आणि ३७ मिमी रुंद व उंच होते, म्हणजे समोरून जवळपास चौरस दिसते. अठ्ठावन्न वाघिणींचा पूर्ण रेक केला तर सात मीटरांहून थोडी जास्त जागा लागते. म्हणून घरगुती मांडणीत आठ-दहा वाघिणींवर थांबावे लागते.

सिमेंट व धान्याची बंद बीसीएन, पेट्रोलियमची टाकी-वाघीण बीटीपीएन, रेकच्या शेवटचा गार्डाचा ब्रेकव्हॅन हेही करण्याजोगे विषय आहेत.

बांधणीची पद्धत : किटचे भाग बहुधा पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे असतात. ते एका चौकटीत देठांनी अडकलेले येतात. भाग कधीही पिळून तोडू नये. देठ कटरने भागापासून एखादा मिमी लांब कापावा आणि उरलेला खुंट बारीक कानशीने घासावा. साच्याच्या सांध्यावर आलेली पातळ किनार तशीच राहिली तर रंगानंतर ती रेघ होऊन उठून दिसते. प्लास्टिकचा सांधा डिंकाने चिकटवायचा नसतो. द्रावक ब्रशाने सांध्याला लावला की तो फटीत आपोआप ओढला जातो, दोन्ही कडा विरघळतात आणि एकजीव होतात. द्रावकाची वाफ घातक असते. खिडकी उघडी ठेवूनच काम करावे.

सगळे काम सांगाड्यावर अवलंबून असते. जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवून सांगाडा त्यावरच जोडावा, कारण टेबल सपाट असेल याची खात्री नसते आणि काच सपाट असते. चारही चाके काचेला टेकल्यावर एका कोपऱ्यावर बोटाने हलके दाबावे. समोरचा कोपरा उचलला गेला तर सांगाड्याला पीळ आहे. द्रावक पुरता सुकण्याआधी, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, तो पीळ काढता येतो. नंतर सांधा कापावा लागतो. पीळ राहिलेली वाघीण वळणावर हमखास रूळ सोडते आणि दोष रुळांना दिला जातो. बोगीच्या वाघिणीत एक बोगी स्क्रूने घट्टसर बसवतात, म्हणजे ती फक्त फिरते. दुसरी सैल ठेवतात, म्हणजे ती बाजूलाही डोलू शकते. तिपाई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, त्याच न्यायाने वाघीण रुळांवर स्थिर राहते.

चाके धातूची घ्यावीत. प्लास्टिकची चाके रुळांवर मळ पसरवतात. आसाचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि ते पितळी खोबणीत फिरते. चांगली जुळलेली वाघीण काचेवर ठेवून काचेची एक कड किंचित उचलली की आपणहून चालू लागते.

वजन हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या (स्थापना १९३५) शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचे वजन एक औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे. बॉक्स-एनसाठी ते सुमारे ९७ ग्रॅम येते. बंद डब्यात शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा लपवता येतो. उघड्या वाघिणीत तो कोळशाखालीच जाऊ शकतो, म्हणून रिकामी बॉक्स-एन करणे भरलेलीपेक्षा कठीण आहे.

बारकावे व रंग : किटच्या साच्यात हातकड्या, शिड्या, ब्रेकच्या कांड्या भिंतीला चिकटलेल्याच ओतलेल्या असतात. त्या तासून काढून अर्ध्या मिमीहून बारीक तांब्याच्या तारेच्या नव्या बसवल्या की वाघिणीत जीव येतो. वायरीच्या तुकड्यातून निघणारी बारीक तार या कामाला उत्तम. रंग रेड ऑक्साईडच्या जवळचा तपकिरी, आणि पातळ थरांत. एकच जाड थर दिला तर रिव्हेट बुजतात.

खऱ्या कोळशाचा चुरा चाळून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने तो थर्मोकोलच्या तुकड्यावर बसवावा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर फेव्हिकॉल चुऱ्यात नीट झिरपतो. थर्मोकोलवर द्रावक कधीच वापरू नये, तो विरघळतो.

वाघीण जुनी दिसायला हवी, पण कशी जुनी हे मालावर ठरते. कोळशाची वाघीण आतून गंजते, बाहेरून काळवंडते. सिमेंटच्या बीसीएनवर करडी धूळ दाराच्या फटींतून खाली ओघळते. टाकी-वाघिणीवर डाग वरच्या झाकणापासून सुरू होतात. जे खऱ्या वाघिणीवर पाहिले नाही ते प्रतिकृतीवर रंगवू नये.

वाघिणीच्या अंगावरचा अकरा अंकी क्रमांक शोभेचा नसतो. पहिले दोन अंक प्रकार सांगतात (१० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाक्या), पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वेसाठी ०१), त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंकी अनुक्रम आणि शेवटी पडताळणीचा अंक. मनाने रचलेला क्रमांक जाणकाराला तत्क्षणी कळतो.

किट : ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात एअरफिक्सच्या स्वस्त वाघीण-किटांनी एक पिढी घडवली. ते साचे पुढे डॅपोल कंपनीकडे गेले. पार्कसाइड डंडास व रेशो ही नावे आता पेकोच्या छत्राखाली आहेत. अमेरिकेत अथर्नच्या निळ्या खोक्यांतली किटे अशीच घरोघरी पोचली. या सर्वांत भारतीय वाघीण नाही. येथील हौशी मंडळी प्लास्टिकचा पत्रा कापून, जाड कागदावर, अथवा त्रिमित छपाईवर काम भागवतात.

बार्शी लाइट रेल्वेच्या वाघिणी : महाराष्ट्रातल्या प्रतिकृतिकाराने पहिली वाघीण कोणती करावी, याला नोंदलेखकाच्या मते एकच उत्तर आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) या अभियंत्याने २ फूट ६ इंच (७६२ मिमी) गेजची बार्शी लाइट रेल्वे उभारली. कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारच्या मालकीची झाली. आज हा सारा मार्ग ब्रॉडगेज आहे.

कॅल्थ्रॉपचा मूळ विचार साधा होता. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांवर बांधल्या होत्या. सांगाडा एकाच मापाचा, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. भारतात धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली गेली.

आता हेच आकडे प्रतिकृतिकाराच्या नजरेने पाहावेत. पंचवीस फूट म्हणजे गेजच्या बरोबर दहापट. १:८७ मध्ये सांगाडा ८७.६ मिमी लांब व २४.५ मिमी रुंद होतो. गेज ८.८ मिमी येते आणि ‘एन’ प्रमाणाचे तयार रूळ ९ मिमीचे आहेत. फरक पाव मिमीचा. जी तडजोड ब्रॉडगेजला जन्मभर चुकत नाही, ती येथे करावीच लागत नाही. एन प्रमाणाच्या तयार चाकजोड्याही चालतात. शिवाय सांगाडा एकच असल्याने तो एकदा साधला की त्यावर उघडी, बंद, सपाट अशा सगळ्या वाघिणी उभ्या करता येतात. विदर्भातल्या ‘शकुंतला’ रेल्वेचे गेजही ७६२ मिमीच, म्हणून तेच रूळ तिलाही चालतात. नेरळ–माथेरान (१९०७) ६१० मिमीची असल्याने तिला हे लागू नाही.

पुण्यातील संग्रहालय : कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याजवळचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. संस्थापक भाऊसाहेब (बी. एस.) जोशी. चालत्या गाड्या, सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल असलेले एक अख्खे शहर तेथे आहे. महाराष्ट्रात हा छंद काय असतो हे पुष्कळांना पहिल्यांदा येथेच कळले.

जुन्नर व आंबेगाव : पुणे जिल्ह्यातल्या या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही.  तेथील ऊस आणि भाजीपाला रस्त्यानेच बाहेर जातो. नियोजित पुणे–नाशिक रेल्वेची आखणी नारायणगाव परिसरातून होती. खोडदच्या जीएमआरटी या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल, अशा हरकतीवरून त्या आखणीचा फेरविचार झाला. त्या वादाचा तपशील या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे. जुन्नर तालुक्यातल्या येडगावच्या मुलाला खरी वाघीण पाहायची तर तळेगाव किंवा पुणे गाठावे लागते. प्रतिकृतीला मात्र मार्गाची मंजुरी लागत नाही. दोन मीटर फळी आणि ९ मिमीचे रूळ एवढ्यावर काम सुरू होते.

क्लब व स्पर्धा : या नोंदीत समाविष्ट नाहीत.

साधने : बांधणाऱ्याला वाघिणीच्या एका बाजूचे छायाचित्र पुरत नाही. टोकाची भिंत, बोगी, ब्रेकच्या कांड्या, खालचा सांगाडा हे सारे दिसावे लागते. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज येथील ज्या घरांत कोणी बार्शी लाइट रेल्वेत नोकरीला होते, त्यांनी जुने फोटो काढून पाहावेत. माणसांच्या मागे उभी असलेली वाघीण कोपऱ्यात अर्धीमुर्धी आली असली तरी ती कामाची आहे. फोटो टाकू नये, मागे गाव आणि साल लिहून ठेवावे.