घरची कॅसेट हा अस्सल कागद



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि निवृत्तीनंतर हे जुने टेप, कॅसेटी कशाला जमवत बसलात?" प्रश्न हसत हसत आला होता, आम्हीही तो हसण्यावारी नेला. पण घरी गेल्यावर वाटलं, याचं उत्तर नीट द्यायला हवं. आणि ते द्यायचं तर खानदेशाच्या इतिहासातूनच द्यावं लागेल. म्हणून आजचा विषय हा.

आधी संग्रहाविषयी थोडं सांगतो. आमच्या जळगावच्या घरात एका खोलीत सातशेच्या आसपास कॅसेटी आहेत, दोन स्पूलचे टेपरेकॉर्डर, चावीचा एक ग्रामोफोन, आणि लहानमोठे चौदा कॅसेट प्लेअर. त्यांतले चालू पाच. बाकीचे त्या पाचांना सुटे भाग पुरवण्यासाठी. काही वस्तू धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्ल्यांतून आल्या, काही भंगारवाल्याच्या हातगाडीवरून, काही ओळखीच्यांनी घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून. घरातल्यांना ही अडगळ वाटते, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही. सातशेपैकी सहाशे कॅसेटी उद्या नाहीशा झाल्या तरी इतिहासाचं काही बिघडणार नाही. उरलेल्या शंभरांसाठी आजचं बोलणं आहे.

आता थोडं मागे जाऊ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं. ऐकायला सोबतचे कैदी. त्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेला हा माणूस समोर बसून भराभर लिहून घेत होता. त्या लिहून घेण्यातून आपल्याला 'गीता प्रवचने' हे पुस्तक मिळालं. म्हणजे पुस्तक आहे ते बोललेलं. पण विनोबा कुठे थांबले, कुठे आवाज चढला, कैदी कुठे हसले, हे त्यात नाही. ते त्या रविवारांबरोबर गेलं.

दुसरं उदाहरण तुम्हां सर्वांच्या ओठांवर असलेलं. बहिणाबाई चौधरी. आसोद्याची लेक, जळगावची सून. १८८० चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचत आणि गात. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातेवाइकाने ती जमतील तशी वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शब्द राहिले, ते घरच्यांनी जपले म्हणून. पण बहिणाबाईंची स्वतःची चाल, घरोट फिरवताना लागणारा दम, लेवा बोलीतला तो हेल, हे वहीत मावलं नाही. नंतर नामवंत गायिकांनी ती गाणी गायली, त्यांच्या कॅसेटी घरोघरी वाजल्या. गाणी गोडच आहेत, पण आवाज त्या गायिकांचे आहेत.

आता याच गावाशी नातं असलेला दुसरा एक आवाज घ्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८ चा, बहिणाबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. लहानपणी ते काही काळ जळगावात होते, मेहबूबखाँ यांच्याकडे इथे गाणं शिकले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात मावेल एवढं का होईना, बालगंधर्वांचं गाणं आपण आजही ऐकू शकतो.

एकाचा आवाज राहिला, दुसरीचा गेला. असं का झालं? याचं उत्तर यंत्राच्या इतिहासात आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. भारतात ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. म्हणजे बहिणाबाई बावीस वर्षांच्या असताना हे तंत्र आपल्या देशात पोचलं होतं. पण ते कंपनीच्या हातात होतं. कोणाचा आवाज ठेवायचा, हे तबकडी खपेल की नाही यावर ठरत होतं. घरात जो ग्रामोफोन यायचा तो फक्त वाजवायचा. त्याच्यापुढे बसून आपण ऐकायचं. आपलं काही त्याला ऐकवता येत नसे.

चुंबकीय फितीने हे बदललं. जर्मनीत १९३० च्या दशकात तिच्यावर चालणारी यंत्रं तयार झाली. आपल्याकडे स्पूलचे टेपरेकॉर्डर आले, पण ते जड, महाग, आकाशवाणीत किंवा एखाद्या हौशी वकील-डॉक्टरांच्या घरी. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकणारी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ही फीत साधारण नव्वद मीटर असते. आणि त्या यंत्रावर एक लाल खुणेचं बटण होतं. प्ले आणि रेकॉर्ड अशी दोन बटणं एकदम दाबली की यंत्र ऐकायला लागायचं. आमच्या मते विसाव्या शतकात सामान्य माणसाच्या घरात आलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक.

आमच्या विषयातला एक जुना वाद इथे आठवतो. शब्द नित्य की अनित्य? मीमांसक म्हणतात नित्य. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. वर्गात आम्ही हा वाद वर्षानुवर्षं शिकवला. माळ्यावरच्या कॅसेटींना बुरशी लागलेली पाहिली तेव्हापासून, आवाजापुरते आम्ही नैयायिकांच्या बाजूला आहोत.

खानदेशात कॅसेटचा खरा सुकाळ ऐंशीच्या दशकातला. भुसावळच्या रेल्वेत किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरीला असलेल्यांच्या घरी, केळी-कापसाचे दोन पैसे हाती आलेल्या शेतकऱ्याकडे, आखातात कोणी असेल त्याच्याकडे टू-इन-वन आला. दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कॅसेट भरून घ्यायची, हे आठवत असेल तुम्हाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. त्याचा विषयच हा, की कॅसेट स्वस्त असल्यामुळे उत्तर भारतात लहान गावांची, बोलीभाषांची गाणी बाजारात आली. आपल्याकडेही अहिराणी लग्नगीतांच्या, कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या आणि रिक्षांतून वाजल्या.

पण बाजारापेक्षा घरात जे चाललं होतं, ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक लाल बटण दाबत होते. श्रावणात कानबाई बसली की रात्रभर बायका गात, ते कोणीतरी भरून ठेवी. गुलाबाईची गाणी, सप्ताहातलं कीर्तन, नातवाचे बोबडे बोल, सुरतेला कामाला गेलेल्या भावासाठी घरादाराने बोलून पाठवलेली खुशाली. आम्हाला मिळालेल्या एका कॅसेटवर एक आजोबा पंचवीस मिनिटं फक्त वाटणीचा हिशेब सांगतात, आणि मागे म्हैस ओरडते. संगीत म्हणून तिची किंमत शून्य. पण शिरपूरकडची बोली त्या काळी कशी बोलली जायची, हे तिच्याइतकं स्वच्छ सांगणारं दुसरं काही आमच्याकडे नाही.

इथे आम्हाला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ चा, पुढे असे बावीस खंड झाले. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उघडायला लावली. त्यांची शिकवण अशी, की मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचा अस्सल कागद महत्त्वाचा. मग तो साधा हिशेबाचा का असेना. आम्ही तोच नियम कॅसेटीला लावतो. दुकानातून विकत घेतलेली कॅसेट ही बखर. तिच्या हजारो प्रती निघाल्या, कुठे ना कुठे एक सापडेलच. घरी भरलेली कॅसेट हा अस्सल कागद. तिची प्रत एकच.

छंद करणारे आपण लोक नेमकं इथे चुकतो. चकचकीत प्लेअर, मूळ वेष्टनातली सिनेमाची गाणी, यांच्यामागे धावतो. आणि भंगारवाल्याच्या पोत्यात पेनने 'आई – कानबाई' एवढंच लिहिलेली कॅसेट दिसली, तर कोरी म्हणून बाजूला टाकतो.

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आमची गोष्ट सांगतो. आमच्या आईच्या आवाजात कानबाईची गाणी आम्ही स्वतः भरली होती. एक बाजू, तीस मिनिटं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लॅस्टिकच्या चिपा असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबत नाही. आम्ही त्या मोडल्याही होत्या. पुढे काही वर्षांनी रेडिओवर आमचं एक भाषण होतं. ते भरून ठेवायला कोरी कॅसेट घरात सापडेना. आम्ही त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि आईच्या गाण्यांवर आमचं भाषण भरलं. मनात हेच, की आई काय, घरातच आहे, पुन्हा भरू. पुन्हा भरणं झालं नाही. आई गेल्यावर दोन वर्षांनी ती कॅसेट हाती लागली. भाषण पंधरा मिनिटांचं होतं, म्हणून अर्धी बाजू वाचली. आमचं भाषण संपतं, खट् आवाज होतो, आणि आई गाण्याच्या मधूनच सुरू होते. शेवटी ती विचारते, "व्हयनं का तुन्हं?" संग्रह सुरू झाला तो त्या दिवसापासून.

आता काय करायचं, ते सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. फितीवरचा थर याने सुटतो. तेव्हा कॅसेटी आधी खाली आणा. स्पीकरपासून लांब, उभ्या ठेवा. सापडलेली कॅसेट लगेच वाजवू नका. आधी चिपा मोडा. बुरशी दिसली तर जाणकाराला दाखवा. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या टेपचे रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झालेले असतात, ते बदलल्याशिवाय चांगली फीत आत घालू नका, ती गुंडाळली जाईल. फितीला हेडवर टेकवून धरणारी छोटी नमद्याची गादी पडली असेल, तर स्क्रू असलेली एखादी सिनेमाची कॅसेट उघडा आणि घरची फीत तिच्यात बसवा. आमच्या त्या सहाशेंचा हा उपयोग. सेल उतरलेले असताना भरलेली कॅसेट वाजवताना पळते, आवाज चिरका येतो. ती बिघडलेली नसते, संगणकावर घेतल्यावर गती कमी करता येते. उतरवून घेताना वॅव फाइल करा, एमपी-थ्री नंतर करता येईल. प्रती दोन, दोन ठिकाणी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लिहून ठेवा. कोण गातंय, कुठल्या गावचं, कोणत्या निमित्ताने, मागे कोण बोलतंय. पुण्याच्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या मोलाच्या आहेत, कारण ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव जपलं गेलं. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला नुसता आवाज राहतो. हे काम आजच्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांना विचारूनच होणार, आणि ती माणसं फार दिवस थांबणार नाहीत. आम्हीही त्यांतलेच.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. घरातला जुना ट्रंक उघडा. हाताने नाव लिहिलेली एकच कॅसेट शोधा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून विचारा, हा आवाज कोणाचा? जे सांगतील ते त्यांच्यासमोरच तारीख घालून कागदावर लिहा. वाजवायला यंत्र नसेल तर आमच्याकडे पाच चालू आहेत.