उल्हासचे ऋतुमान

कान्हेरीच्या शिलालेखांत ज्या कल्याणच्या रहिवाशांची दाने कोरलेली आहेत आणि ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी प्रवासग्रंथाच्या ग्रीक कर्त्याने ज्याचा उल्लेख केला आहे, ते बंदर समुद्रकाठी नव्हते, वसईच्या खाडीतून दिवसातून दोनदा चढणाऱ्या भरतीवर गलबते थेट उल्हास नदीत येत, आणि त्याच भरतीच्या भरवशावर, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यानंतर, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. ज्या भरतीने कल्याणला जकात आणि वैभव दिले, तीच आज त्याच्या सांडपाण्याला समुद्राकडे जाऊ देत नाही, हे या नदीच्या इतिहासातील मोठे दुर्दैव होय.

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास मूळची पावसाळी स्वभावाची. परंतु १९२२ मध्ये भिवपुरीचे टाटांचे जलविद्युतगृह सुरू होऊन घाटमाथ्यावरचे आंध्रा नदीचे पाणी तिच्यात उतरू लागले, तेव्हापासून ऐन उन्हाळ्यातही तिला भरघोस प्रवाह लाभला. बारमाही गोडे पाणी, लोहमार्ग आणि मुंबईची बाजारपेठ यांच्या सान्निध्याने अंबरनाथ, शहाड, मोहोने येथे कारखाने वाढले. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर डोंबिवलीला रसायनांची वसाहत वसली. या पट्ट्यातल्या रेयॉनच्या धंद्याला तर मृदू पाणी अपरंपार लागते, आणि बाहेर पडताना ते गंधकाम्ल, जस्ताचे क्षार यांचे अंश घेऊनच पडते.

या पाण्याची विश्वासार्ह जबानी कारखान्याच्या दप्तरापेक्षा त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजेच प्लवक, देतात. कोणते जीव कितपत मलिन पाण्यात तगतात यावरून नदीची प्रत ठरविण्याची पद्धत कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्येच मांडली होती. आषाढ-श्रावणात पूर प्लवकांना वाहून नेतो, गढूळपणामुळे सूर्यप्रकाशही खोल पोहोचत नाही; जीव विरळ, पण पाणी प्राणवायूने संपन्न. पूर ओसरून पाणी निवळले की करंडक वनस्पती (डायाटम) वाढतात, आणि त्यांच्यावर जगणारे रोटिफर, कोपेपॉड यांसारखे प्राणिप्लवकही. पुढे चैत्र-वैशाखात सर्वच पालटते. २० अंश उष्णतेचे स्वच्छ गोडे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करते, ३० अंशांना ते प्रमाण ७.५ पर्यंत घसरते; त्यातलाही वाटा सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविणारे जीवाणू बळकावतात. मग ऑसिलेटोरिया, युग्लिना यांच्यासारखे, घाणीत फोफावणारे मोजके वंश उरतात, आणि पाणी हिरवेगार दिसूनही दरिद्री असते. मोहोन्याच्या बंधाऱ्यापाशी पसरणारी जलपर्णी हीही सांडपाण्यातून होणाऱ्या अतिपोषणाचीच खूण.

येथे भरतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जांभूळ, मोहिली, शहाड येथे नदीचे गोडे पाणी शहरांसाठी व कारखान्यांसाठी उपसले जाते आणि त्याचे सांडपाणी पुष्कळसे वालधुनी नदीतून व नाल्यांतून खाली खाडीत येते. त्याला पुढे रेटण्यास वरून पुरेसा प्रवाह नसल्याने ओहोटीबरोबर गेलेली घाण भरतीबरोबर परतते. पावसाळ्यात जे पाणी थोड्या दिवसांत समुद्राला मिळते, ते उन्हाळ्यात तेथल्या तेथे हेलकावत राहते.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या ५ वर्षे आधी, केला आणि १९७० मध्ये मंडळही नेमले, याचा अभिमान बाळगावा. पण कारखान्यांच्या परवान्यातील सांडपाण्याच्या मर्यादा साधारणतः बारा महिने एकच असतात, नदी मात्र एकच नसते. या मर्यादा वैशाखातल्या उल्हासकडे पाहून ठरवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्लवकांची पिढी प्रत्येक पुराबरोबर नवी होते, तळाचा गाळ तसा होत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना उल्हासच्या खाडीतील गाळाच्या थरांत पारा सापडला आहे.