आजोबांनी बरोबर आणलेला कायदा

होळकरांच्या फौजेबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर आमची घराणी माळव्यात आली. येताना काय आणले याची उजळणी आपण दर गणेशोत्सवात करतो: आरत्या, पुरणपोळी, नऊवारी. त्या यादीत एक गोष्ट कधी नसते. आपल्या पूर्वजांनी वारसाहक्काचा कायदाही बरोबर आणला होता.

इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांचा नियमच तसा होता. कुटुंब दुसऱ्या मुलखात गेले तरी, त्याने मूळ प्रांताची रीत सोडल्याचा पुरावा नसेल, तर वारसा जुन्याच रीतीने ठरे. मुंबई इलाख्याकडून मध्य प्रांतात आलेल्या एका कुटुंबाच्या तंट्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२० साली हे तत्त्व मानले. मिताक्षरा दोन्हीकडे होती, पण मुंबईकडे तिच्या जोडीला नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ चाले. (हे भट्टही मूळचे पैठणचे, ग्रंथ लिहिला मात्र सतराव्या शतकात, काशीत. म्हणजे तेही आपल्यासारखेच परमुलखात स्थिरावलेले.) विभक्त माणूस मुलगा किंवा पत्नी मागे न ठेवता गेला, तर मुंबईच्या रीतीने मुलगी पूर्ण मालकीण होई, उत्तरेच्या रीतीने तिचा हक्क हयातीपुरता. दुकान तिला विकता येईल की नाही, हे त्यावर ठरे.

एकत्र घराण्याच्या दुकानात मात्र हा प्रश्न क्वचितच उठे. मुलगा जन्मतःच हक्कदार. कर्ता गेला की पुढचा गल्ल्यावर बसे. पाटी तीच, खतावणी तीच, आणि तिच्यातच घरखर्चाचे पान. निवृत्ती म्हणजे वडीलधाऱ्यांनी दुपारी दुकानात येणे बंद करणे. जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र नव्हतेच. ते इंग्रजी न्यायालयांच्या काळात रुजले. आजही घरात तो शब्द काढला की कोणीतरी ‘शुभ बोल’ म्हणतेच.

भावाभावांची किंवा स्नेह्यांची भागीदारी आली तेव्हा ही जुनी सवय महागात पडू लागली. १९३२ च्या कायद्याप्रमाणे, लेखात वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. यावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मुलखातला आहे. महिदपूर म्हटले की आपल्याला १८१७ ची लढाई आठवते. तिथून जवळच्या महिदपूर रोडला, होळकर राज्यात, दोन घराण्यांच्या भागीदारीचा साखर कारखाना होता. त्याच्या आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ साली न्यायालयाने सांगितले की भागीदार दोनच असतील आणि एक वारला, तर लेखात काहीही असो, भागीदारी उरत नाही. वारस आपोआप भागीदार होत नाही, नवा करारच करावा लागतो. दोन भावांच्या नावावर चाललेली किती दुकाने आपल्या बाजारात आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने प्रांतोप्रांतीचे भेद बहुतेक मिटवले. वडिलांच्या स्वकष्टार्जित धंद्यात, मृत्युपत्र नसेल तर, पत्नी, आई, मुलगे आणि मुली सारखेच वारस झाले. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र मिळकतीतही मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरी आपल्याकडे काय चालते? तेराव्यानंतर आठवडाभरात हक्कसोडपत्र पुढे येते, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. आम्हाला हे बरे वाटत नाही.

त्याच कायद्याचे २२ वे कलम फारसे कोणी वाचत नाही. मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या धंद्यातला आपला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा. किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायालय ठरवते. म्हणजे दुकान चालवणाऱ्या भावाने बहिणीचा हिस्सा रीतसर मोल देऊन घ्यावा, ही वाट कायद्यात आहेच. त्यासाठी दुकानाचे मोल माहीत हवे, आणि घरखर्चाचे पान खतावणीतून वेगळे हवे. मृत्युपत्राला तर नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदार मात्र वारसांपैकी नसावेत.