साडेतीन टक्क्यांचा कर

आम्ही वर्गात १८५७ शिकवतो, १९०५ शिकवतो. १८९६ सहसा राहून जाते. त्या वर्षी सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच अबकारी कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. लँकेशायरच्या गिरण्यांचे समाधान व्हायला हवे होते ना!

मालकांनी तीस वर्षे अर्ज केले. मग मंदी आली, आणि सप्टेंबर १९२५ मध्ये मुंबईत मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापण्यात आली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. त्यांत कोकणचे मराठे होते, मदनपुऱ्याचे मोमिन विणकरही होते. मालकांचे म्हणणे एकच : कर उठवा, कपात मागे घेतो. १ डिसेंबरला व्हाइसरॉयने कर स्थगित केला, कपात रद्द झाली. अर्जांनी जे साधले नाही ते उपाशी चुलींनी अडीच महिन्यांत साधले. करमाफीचा लाभ अर्थात मालकांच्या पदरात पडला.

पण मोमिन काही सगळे गिरणीत नव्हते. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीला आलेल्यांच्या घरी हातमाग होता. हातमागाला तो अबकारी कर कधीच नव्हता, त्यामुळे तो उठल्याचा फायदाही नाही. उलट परदेशी सुतावर १९२२ मध्ये पाच टक्के जकात बसली होती. १९२७ मध्ये गिरण्यांच्या रक्षणासाठी ती वाढवून पौंडाला किमान दीड आणा केली. गिरणी आपले सूत आपणच कातते. हातमागवाल्याला ते बाजारातून आणावे लागते, आणि सूत महागले की तूट त्याच्याच मजुरीतून भरली जाते. त्याने संप करायचा तरी कुणाविरुद्ध?